बोल्ट जाऊ द्या, पाटा वाचवा

पांढरकवड्याच्या माझ्या स्पेअर पार्टच्या दुकानात येणारं गिऱ्हाईक बोल्टचं माप सांगत बसत नाही. जुन्याचा तुकडा काउंटरवर टाकतं आणि म्हणतं, "असाच एक द्या बरं." तो तुकडा हातात घेतला की गाडीखाली काय झालं असेल याचा अंदाज येतो. डोक्याचे सहाही कोपरे झिजून गोल झाले असतील तर पाना चुकीच्या मापाचा होता. दांडा पिळवटून तुटला असेल तर कोणीतरी पान्याला लांब पाइप लावला. शेवटचे आटे चेंदून पसरले असतील तर नट काढून थेट घण घातला. लोखंडावर निळी-जांभळी झाक दिसली की मी काळजीनं विचारतो, "ज्योत पाट्याला तर नाही ना लागली?"

हे बोल्ट बहुतेक जुन्या जीपांचे असतात. काळी-पिवळी होऊन वणी, मारेगाव, घाटंजीच्या रस्त्यांवर माणसं वाहिलेल्या कमांडर, शेतकऱ्यांनी जपून ठेवलेल्या एमएम ५४०, क्वचित एखादी विलीज घाटाची म्हातारी जीप. या गाड्यांचं वजन पाट्यांवर, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांवर असतं. मुख्य पाट्याची दोन्ही टोकं वळवून डोळे केलेले असतात. एक डोळा पिन घालून चेसिसच्या ब्रॅकेटला जोडलेला, दुसरा शॅकलला. खड्ड्यात पाटा दबला की सरळ होऊन थोडा लांबतो, म्हणून एका टोकाला झुलणारं शॅकल लागतं. मधे यू-बोल्ट सगळे पाटे एक्सलला आवळून धरतात. हे सगळे बोल्ट चाकाशेजारी, चिखलाच्या थेट माऱ्यात असतात, आणि पाटा तुटेपर्यंत त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही.

समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब, मग इतका गंज कुठून येतो? माझं बोट आपल्या काळ्या जमिनीकडे जातं. ही माती पाणी धरून फुगते आणि लोखंडाला चिकटली की सुटत नाही. पोळ्याच्या आसपास शॅकलमागे बसलेला लगदा वरून वाळतो, आतून ओलाच राहतो. त्यात याच जीपांतून खताच्या गोण्या जातात. पोटॅश म्हणून जे खत आपण टाकतो ते बहुधा पोटॅशियम क्लोराइड असतं, आणि क्लोराइड लोखंडाला काय करतं ते किनाऱ्यावरच्या कोणत्याही खिडकीच्या गजाला विचारा. फाटक्या गोणीतून सांडलेलं खत फटींतून खाली उतरतं. मग गंज चढतो, आणि गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते. आट्यांमधल्या केसभर फटीत ती जागा नसते, म्हणून नट आणि बोल्ट एकमेकांना जखडून बसतात.

अशा बोल्टपुढे बसण्याआधी एकच गोष्ट ठरवावी, असं माझं ठाम मत आहे: काय वाचवायचंय? बोल्ट स्वस्त आहे, तासाभरात मिळतो. पाटा महाग. चेसिसला रिव्हेट मारलेला ब्रॅकेट वाकला किंवा फाटला तर गाडी कित्येक दिवस उभी. तरी माणसं बोल्ट वाचवायला ब्रॅकेटवर घण घालतात.

गाडी कशी उभी केलीय, यावर अर्धं काम अवलंबून. नुसता जॅक एक्सलखाली लावला तर पाटा दबलेलाच राहतो आणि सगळा भार त्या बोल्टवर येतो. तो गंजानं नाही, ओझ्यानं अडकलेला असतो. चेसिस घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडांवर टेकवावी, एक्सलखाली वेगळा जॅक घेऊन वरखाली करत पाटा मोकळा करावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणाऱ्याला मी सामान विकतो, पण शिव्या देऊन.

दुसरा घोळ मापांचा. विलीजच्या जीपा मुंबईत माझगावला जुळवायला सुरुवात झाली ती १९४०च्या दशकाच्या अखेरीस, आणि ती गाडी मुळात अमेरिकन, म्हणजे मापं इंचातली. पुढे एमएम ५४० ला पूजोचं डिझेल इंजिन आलं, ते मिलिमीटरचं. म्हणून आजही आमचा मिस्त्री एकाच गाडीत कधी सुतात बोलतो, कधी मिलिमीटरात. चार सूत म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. त्यावर १३ चा पाना बसतो खरा, पण सैल. साध्या बोल्टला चालून जातं. जाम बोल्टला तोच सैलपणा कोपरे खातो. तारेच्या ब्रशनं डोकं लख्ख करून सहा कोनांची गोटी, म्हणजे सॉकेट, ठोकून बसवावी. बारा कोनांची गोटी इथे नको.

आणि फिरवायचं कुठल्या बाजूला, हेही आधी पाहावं. जुन्या विलीज घाटात आट्यांची यू-शॅकलं असतात, त्यांतल्या पुढच्या डाव्या आणि मागच्या उजव्या पाट्याच्या शॅकलला उलटे आटे. शॅकलच्या खालच्या दांड्यावर छोटा उंचवटा दिसला की ते उलट्या आट्यांचं. हे ठाऊक नसलेले लोक अख्खी दुपार ते आवळत बसतात.

तेल कोणतं, यावर आमच्याकडे निवडणुकीइतके वाद होतात. डिझेल, रॉकेल, डब्यातला फवारा, ब्रेक ऑइल. पातळ काहीही चालेल, फक्त त्याला आत जायला वेळ द्या. फटीत तेल आपोआप शिरतं, पण फार हळू. संध्याकाळी दोन्ही बाजूंनी भिजवावं, मधेमधे हातोड्यानं डोक्यावर टकटक करावी म्हणजे गंजाला बारीक तडे जातात, आणि सकाळी पाना लावावा. आमचा मिस्त्री घाईच्या गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो, "घाई असन तं दुसरीकडं घेऊन जा." सकाळीही एकदम सोडायला जाऊ नये. आधी किंचित आवळावं, मग सोडावं, परत आवळावं. एकाच दिशेला रेटलं तर गंजाचा चुरा आट्यांत दाबला जातो.

लांब पाइपाचा हिशेब सोपा आहे. बारा मिलिमीटरच्या ८.८ दर्जाच्या बोल्टला साधारण ८० ते ९० न्यूटन-मीटर पीळ देऊन आवळतात. मीटरभर पाइपाच्या टोकाला पन्नास किलोचा भार टाकला तर हा आकडा ५०० च्या जवळ जातो. त्यापुढे बोल्ट सुटेल किंवा तुटेल, बहुधा तुटतो.

ज्योतीचं गणितही तसंच. लोखंड १०० अंश तापलं तर दर मिलिमीटरला हजारावा भाग आणि वर थोडं वाढतं. बारा मिलिमीटर भोकाचा नट ५०० अंशांनी तापवला तर भोक सात शतांश मिलिमीटरनं मोठं होतं. जवळजवळ एका केसाइतकं, पण तेवढंच हवं असतं. म्हणून तापवायचा तो नट, बोल्ट नव्हे. तापलेल्या नटाच्या कडेला मेणबत्ती टेकवली की मेण वितळून आट्यांत ओढलं जातं. जुने मिस्त्री हे न चुकता करतात. मात्र पाट्याला ज्योत लागता कामा नये. पाट्याच्या पोलादाची लवचीक ताकद भट्टीत मोजून दिलेल्या पाण्यामुळे असते, ज्योतीनं ते पाणी उतरतं. मग पाटा बसतो किंवा महिन्यादोन महिन्यांनी ऐन घाटात तुटतो. शिवाय एक्सलवरून ब्रेकची नळी जाते आणि वर डिझेलची टाकी असते. नुकतं रॉकेलनं भिजवलेल्या बोल्टला ज्योत लावणं म्हणजे आग मागून घेणं.

सर्वांत हट्टी बोल्ट रबरी बुशातला. नट सहज निघतो, आपण खूश होतो, आणि बोल्ट गोल गोल फिरत राहतो पण बाहेर येत नाही. रबराच्या आत लोखंडी नळी असते. बोल्ट त्या नळीला गंजून एकजीव झालेला असतो आणि नळी रबरासकट फिरते. इथे तेल पोचत नाही, घणाचा धक्का रबर पिऊन टाकतं, गॅस लावला तर काळा धूर. दहा-पंधरा मिनिटं प्रयत्न करून सोडून द्यावं आणि कापावं. पाट्याचा डोळा आणि शॅकलची पट्टी यांच्या फटीत हॅकसॉचं पातं किंवा ग्राइंडरची पातळ चकती घालून दोन्ही बाजूंनी बोल्ट छाटला की पाटा खाली येतो, बुश मग निवांत दाबून काढता येतं. फक्त चकती पाट्याला चाटू देऊ नये. मुख्य पाट्यावर पडलेल्या एका ओरखड्यातूनही पुढे तडा सुरू होतो. यू-बोल्टच्या बाबतीत तर सोडवायचा प्रयत्नही करू नका. एकदा आवळून ताणलेला यू-बोल्ट परत वापरायचा नसतो, नट सरळ कापा.

नवा बोल्ट घेताना डोकं वाचावं. ८.८ लिहिलेला बोल्ट दर चौरस मिलिमीटरला सुमारे ८० किलोचा ताण सोसतो. इंची बोल्टवर तशाच दर्जाला तीन रेघा असतात. कोऱ्या डोक्याचा बोल्ट पत्र्याच्या शेडला ठीक, पाट्याला नाही, मग तो कितीही चकचकीत असो. बसवताना दांड्याला भरपूर ग्रीस चोपडावं, म्हणजे पुढच्या खेपेला कापाकापी नको. आणि रबरी बुशाचा बोल्ट गाडी घोड्यांवर असताना शेवटचा आवळू नये. चाकं जमिनीवर येऊ द्यावीत, पाटा आपल्या जागी बसू द्यावा, मगच पीळ द्यावा. नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. यू-बोल्टचे नट थोडं अंतर धावल्यावर पुन्हा आवळावे लागतात. त्यासाठी फार थोडे लोक परत येतात, म्हणून मी ते बिलाच्या मागं पेनानं लिहून देतो.