पांढरी अंगठी घ्यायची, पण कोणत्या धातूची?

केजमध्ये साखरपुड्याची अंगठी घ्यायला आलेली मंडळी अजूनही बहुधा पिवळ्या सोन्याचाच ट्रे मागतात. पण मुलगा पुण्यात नोकरीला, मुलीने मोबाईलवर हिऱ्याच्या अंगठ्या आधीच हेरून ठेवलेल्या, अशी जोडपी आता तालुक्याच्या गावातही दिसू लागली आहेत. त्यांना पांढरी अंगठी हवी असते. चांदी, व्हाइट गोल्ड आणि प्लॅटिनम, नव्या असताना तिन्ही सारख्याच चकाकतात. फरक कळतो तो वर्ष-दोन वर्षं वापरल्यावर.

चांदी घरोघरची. पायात सोनं घालायचं नाही, हा रिवाज पाळणाऱ्या घरांत जोडवी आणि पैंजण चांदीचेच; हुपरीसारखं अख्खं गाव त्यावर उभं आहे. मात्र रोजच्या हिऱ्याच्या अंगठीला ती मऊ पडते. ९२५ची चांदी म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी आणि उरलेलं बहुतेक तांबं. हवेतल्या गंधकाने ती काळवंडते. रिठ्याच्या पाण्यात ब्रशने घासली की उजळते खरी, पण खडा धरणारी नखं वाकली तर हिराच जातो.

व्हाइट गोल्ड हे सोनंच. १८ कॅरेटमध्ये ७५ टक्के सोनं आणि बाकी पॅलेडियम, निकेल, चांदी असं काहीबाही. या मिश्रणाचा मूळ रंग किंचित पिवळट असतो, म्हणून वरून ऱ्होडियमचा मुलामा देतात. अंगठी उलटी करून पाहावी: तळव्याकडची बाजू सतत घासते, तिथला मुलामा आधी उडतो आणि खालची पिवळसर झाक दिसू लागते. मग पुन्हा मुलामा, पुन्हा खर्च. निकेल असेल तर काहींच्या बोटाला खाजही सुटते.

प्लॅटिनमला मुलामा लागत नाही. ते मुळातच पांढरं. दागिन्यात सहसा ९५ टक्के शुद्ध असतं. ओरखडे उठतात, पण धातू फारसा झिजत नाही, नुसता बाजूला सरकतो. हातात घेतलं की जडपणा जाणवतो. अडचण आहे ती दुरुस्तीची. सोनं १०६४ अंश सेल्सिअसला वितळतं, प्लॅटिनम १७६८ अंशांना. गावातल्या सोनाराच्या साध्या ज्योतीवर ते होण्यासारखं नाही. अंगठी सैल-घट्ट करायची तर ती मोठ्या शहरातल्या कारागिराकडेच पाठवावी लागणार.

आणि केजसारख्या शेतीच्या गावात आणखी एक प्रश्न असतोच: अडीनडीला काय? पेरणीच्या तोंडावर बियाणं-खताला पैसे कमी पडले की दागिना गहाण पडतो. रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये काढलेल्या तारणकर्जाच्या नियमांत सोन्या-चांदीचे दागिने आहेत, प्लॅटिनम नाही. व्हाइट गोल्डला त्यातल्या सोन्याप्रमाणे किंमत येते, मुलाम्याचे पैसे मात्र कुणी देत नाही.

तेव्हा अंगठी कायम बोटातच राहणार असेल आणि पैसा अडकला तरी चालणार असेल, तर प्लॅटिनम. गरजेला मोडता यावी असं वाटत असेल, तर १८ कॅरेटचं व्हाइट गोल्ड, शक्यतो निकेल नसलेलं. हिऱ्यासाठी चांदी नकोच.

घेताना खड्याचं आणि धातूचं वजन बिलावर वेगवेगळं लिहून घ्यावं आणि मोडीचा भाव कसा धरणार तेही तिथेच विचारावं. व्हाइट गोल्डवर हॉलमार्क, ७५० हा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी हवा. तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतो. प्लॅटिनमला एचयूआयडी नसतो, तिथे ९५०चा शिक्का आणि पक्कं बिल पाहावं.