हृदयाच्या शेतचाऱ्या

हृदयविकाराची बातमी आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'किती ब्लॉक निघाले?' तारापूरच्या कारखान्यातला कामगार असो की पालघरचा बागायतदार, साऱ्यांचे लक्ष हृदयाच्या पृष्ठभागावरून धावणाऱ्या दोन-तीन मोठ्या धमन्यांवर असते. ते योग्यही आहे. पण या धमन्या रक्त फक्त पोहोचवतात. स्नायूला प्राणवायू मिळतो तो त्यांच्या हजारो फाटे फुटून झालेल्या केशवाहिन्यांतून, आणि त्यांच्याविषयी आपण क्वचितच बोलतो.

आमच्या भागातला सूर्या प्रकल्प पाहा. धामणी धरणाचे पाणी कवडास बंधाऱ्यावरून डाव्या-उजव्या कालव्यांत, तिथून वितरिकांत आणि शेवटी शेतचारीत येते. भाताचे मूळ भिजते ते शेतचारीच्या पाण्याने. हृदयातली केशवाहिनी ही तशी शेतचारी. तिची रुंदी मिलिमीटरच्या सुमारे दोनशेव्या भागाइतकी; तांबडी रक्तपेशी तिच्यापेक्षा रुंद असते, म्हणून तिला अंग दुमडून एकेरी रांगेत पुढे सरकावे लागते. भिंत एकाच पेशीच्या जाडीची. त्या भिंतीतून प्राणवायू झिरपतो.

या वाहिन्यांची मांडणी विलक्षण नेटकी आहे. सातपाटीच्या किनाऱ्यावर वाळत घातलेले जाळे दोन्ही टोकांना धरून ताणले, की त्याची चौकोनी घरे लांबट आणि अरुंद होतात. हृदयातले जाळे तसे दिसते: स्नायुतंतूंना समांतर धावणाऱ्या लांब वाहिन्या आणि त्यांना मधूनमधून जोडणारे आडवे दुवे. प्रौढ माणसाच्या हृदयात साधारण एका तंतूमागे एक केशवाहिनी पडते. स्नायूचा आडवा छेद घेतला तर एका चौरस मिलिमीटरमध्ये सुमारे तीन हजार केशवाहिन्या भरतात. दोन शेजारणींमधले अंतर मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी.

एवढी दाटी कशासाठी? प्राणवायू ऊतींमध्ये नुसता झिरपत जातो आणि झिरपण्याला अंतराची मर्यादा असते. डेन्मार्कचे ऑगस्ट क्रॉग यांनी प्रत्येक केशवाहिनीभोवती तिच्या वाट्याचे एक नळकांडे कल्पून हे गणित मांडले. केशवाहिन्यांवरील कामासाठी त्यांना १९२०चे नोबेल मिळाले. हृदयाला तर विसावा नाही. शरीराचे इतर भाग मिळून रक्तातला सुमारे पाव हिस्सा प्राणवायू घेतात. हृदय स्वस्थ बसलेल्या माणसातही आपल्या वाट्याच्या रक्तातला सत्तर टक्क्यांच्या आसपास काढून घेते. शिल्लक थोडी, म्हणून गरज वाढली की प्रवाहच वाढवावा लागतो.

इथे एक शंका येते. हृदयाचे कप्पे रक्ताने भरलेले असताना स्नायूला वेगळी वाहिनी कशाला? सरपटणाऱ्या प्राण्यांत निसर्गाने पुष्कळसे तसेच केले आहे. सापाच्या हृदयाची भिंत आतून स्पंजासारखी असते आणि कप्प्यातले रक्त तिच्या फटींत शिरून स्नायूला पोसते. माणसाच्या गर्भातले हृदयही सुरुवातीला असेच असते.

या शंकेचा प्रयोग मुंबईत झाला. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन होते. फेब्रुवारी १९६८मध्ये देशातले पहिले हृदयारोपण करणारे ते हेच. त्याआधी, १९६५ साली, त्यांनी उडवाडिया, किणारे आणि परुळकर या सहकाऱ्यांसह एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयावरून सुचलेली ती कल्पना होती: सुईने हृदयाच्या भिंतीला अनेक छिद्रे पाडायची, म्हणजे कप्प्यातले रक्त थेट स्नायूच्या जाळ्यात शिरेल. पुढे इतरांनी सुईऐवजी लेसर वापरला आणि १९९८मध्ये अमेरिकेत त्या पद्धतीला मान्यता मिळाली. काही रुग्णांच्या छातीतले दुखणे कमी झाले. पण छिद्रे बहुधा बुजून जातात, असे तपासणीत दिसले. आराम कशाने पडतो, नव्या सूक्ष्म वाहिन्या फुटल्याने की वेदनेच्या नसा जळल्याने, यावर वाद राहिला.

या प्रयोगाने केशवाहिन्यांची थोरवी अधिकच स्पष्ट होते. चौरस मिलिमीटरमागच्या तीन हजार वाहिन्यांचे काम मोजकी छिद्रे कशी करणार? शिवाय माणसाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड आणि घट्ट. ती आकुंचन पावते तेव्हा आपल्याच पोटातल्या वाहिन्या आवळते. त्यामुळे तिला बहुतेक रक्त दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात मिळते. नाडी फार जलद झाली की नेमका हा विसावाच आखडतो. सर्वांत आतला थर सर्वांत जास्त आवळला जातो आणि टंचाईचा पहिला फटका त्यालाच बसतो.

यातून दोन गोष्टी आपल्या कामाच्या निघतात. पहिली रक्तदाबाची. वर्षानुवर्षे दाब वाढलेला राहिला की तंतू जाड होतात. केशवाहिन्या मात्र त्या प्रमाणात वाढत नाहीत. शेत रुंदावले, शेतचारी तेवढीच राहिली, अशी गत होते. दुखत काहीच नाही, म्हणून गोळी बंद करणाऱ्याच्या हृदयात हे अंतर मुकाट वाढत असते.

दुसरी गोष्ट अँजिओग्राफीची. तिच्यात साधारण अर्ध्या मिलिमीटरपर्यंतच्या वाहिन्या दिसतात. त्याखालचे सारे जाळे चित्राबाहेर राहते. कालवा काठोकाठ वाहताना दिसला म्हणून शेवटच्या शेताला पाणी मिळालेच असे म्हणता येत नाही. मोठ्या धमन्या मोकळ्या असूनही सूक्ष्म वाहिन्यांच्या बिघाडाने छाती दुखू शकते. स्त्रियांमध्ये हे अधिक आढळते. 'रिपोर्ट नॉर्मल आहे, मनाचे खेळ आहेत' हे वाक्य कितीतरी घरांत बाईला ऐकावे लागते. रिपोर्ट खोटा नसतो, पण तो कालव्याचा असतो. चालताना छाती पुन्हा पुन्हा दाटत असेल, तर हृदयरोगतज्ज्ञाला सूक्ष्म वाहिन्यांविषयी विचारावे. त्यांचा प्रवाह मोजणाऱ्या तपासण्या आज आहेत, आणि उपचारही आहेत.