मृत्युपत्रातला ‘धर्म’ कोणता?

आज आपण दानाचा एक अवघड प्रकार पाहू. हयातीतलं दान देणाऱ्याच्याच हातून सुटतं. मृत्युपत्रातलं दान मात्र मागे राहिलेल्यांच्या हातून सुटायचं असतं, आणि भांडण तिथेच उभं राहतं.

आपल्या पाचोऱ्यात कोणी ‘चार पैसे धर्माला लावले’ म्हणालं, तर आपण अर्थ विचारत नाही. पाणपोई, गाईचा चारा, देवळाचा जीर्णोद्धार, सगळं त्यात आलं. कोर्टाला मात्र एवढं पुरलं नाही. ‘रणछोडदास विरुद्ध पार्वतीबाई’ हा मुंबई इलाख्यातला खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. मृत्युपत्रात मालमत्ता ‘धरम’साठी ठेवलेली होती. विल्सनच्या कोशात या शब्दाचे कायदा, सद्गुण, नैतिक कर्तव्य असे अर्थ सापडले. इतक्या ऐसपैस शब्दावरून विश्वस्तांवर देखरेख ठेवायची कशी? १८९९ साली ते दान रद्द ठरलं.

पुढे १९५०च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाने, कलम १० मध्ये, ही अडचण दूर केली. सार्वजनिक न्यास धर्म, धर्मादाय, पुण्यकार्य अशा हेतूंसाठी असला, तर केवळ हेतू अनिश्चित आहे म्हणून तो रद्द होत नाही.

म्हणजे शब्द वाचला. पण घरातला प्रश्न? समजा, वडिलांनी शेत शाळेला लिहून दिलं. मुलगा म्हणतो, “त्या शेतात आम्ही राबलो, त्याचं काय?” त्याला लगेच लोभी ठरवू नये. दान आपल्या वस्तूचं करायचं असतं. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत हिंदू माणसाला मृत्युपत्राने फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो, तोही १९५६च्या वारसा कायद्यापासून. त्याच वर्षीच्या दत्तक व निर्वाह कायद्यात, मृताच्या आश्रितांच्या पोटापाण्याचा भार त्याची मालमत्ता घेणाऱ्यांवर टाकला आहे. विधवा, लहान मुलं यांना उघड्यावर टाकून केलेलं दान ‘धर्म’ कसं म्हणवेल? घर चालवणं हाही धर्मच आहे.

म्हणून मृत्युपत्रात नुसतं ‘धर्माला’ लिहू नये. संस्थेचं पूर्ण नाव, गट नंबर, कामाचा हेतू लिहावा. ती संस्था बंद पडली तर काय, तेही लिहावं. दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. आणि हे सगळं घरच्यांना जिवंतपणीच सांगावं. रागावतील, वाद घालतील. पण तेव्हा उत्तर द्यायला आपण असू.