श्रमजन्य पाठदुखापत आणि मणक्यातील चकतीबदल शस्त्रक्रियेची पूर्वतयारी : जुन्नर-आंबेगाव परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागातील निमगाव सावा, बेल्हे व लगतच्या आंबेगाव तालुक्यातील बागायती गावांचे अर्थकारण प्रामुख्याने कांदा, ऊस व भाजीपाला या पिकांवर उभे आहे. कुकडी प्रकल्पाच्या पाण्यामुळे पीकपद्धती बदलली, उत्पादन वाढले, ट्रॅक्टर आले. तथापि शेतातील माल ट्रॅक्टरमध्ये आणि ट्रॅक्टरमधील माल आळेफाटा, ओतूर वा नारायणगावच्या बाजार आवारात आजही बहुतांशी माणसाच्या पाठीवरूनच पोहोचतो. कांद्याची भरलेली गोणी सुमारे ५० किलोची, सिमेंटची गोणी ५० किलोची, तर युरियाची गोणी २०१८ पासून ४५ किलोची झाली आहे. उसाच्या मोळीचे वजन कोणी मोजत नाही.

अशा कामात अचानक कंबरेत कळ आली की ग्रामीण भागात तिला 'उसण भरली' किंवा 'चमक निघाली' असे म्हणतात. पायाळू माणसाने पाठीला पाय लावला की उसण जाते, ही समजूत अद्याप पुरती लोपलेली नाही. बहुतेक उसण काही दिवसांत ओसरत असल्याने या उपायाला यशही आपोआप मिळत राहते. परंतु ज्या थोड्या रुग्णांत वेदना महिनोन्महिने टिकते, त्यांच्यापुढे कधी तरी शस्त्रक्रियेचा प्रश्न उभा राहतो. अलीकडे त्यात 'कृत्रिम चकती बसवणे' हा पर्यायही सुचविला जातो. प्रस्तुत लेखात या शस्त्रक्रियेपूर्वी कोणती तयारी करावी लागते याचा विचार केला आहे. ही तयारी केवळ रुग्णालयातील नसून घरातील, बाजार समितीतील व कामगार कायद्यातीलही आहे.

चकती आणि तिच्यावरील भार :

मानवी पाठीच्या कण्यात मणक्यांच्या दरम्यान एकूण २३ चकत्या असतात. बोलीभाषेत त्यांना 'गादी' म्हणतात व हा शब्द चुकीचा नाही. मध्यभागी मऊ, पाणीदार गाभा व भोवती चिवट तंतूंची कडी अशी तिची रचना असते. प्रौढ वयात चकतीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. लगतच्या मणक्यांतून झिरपणाऱ्या द्रवावर तिचे पोषण चालते. म्हणूनच तिची झीज लवकर भरून येत नाही. कडी फाटून गाभा बाहेर आला व मज्जातंतूवर दाब पडला की कंबरेपासून पायापर्यंत कळ जाते. आयुर्वेदात 'गृध्रसी' या नावाने वर्णिलेली व्याधी हीच वा हिच्या अगदी जवळची होय. आधुनिक वैद्यकात चकतीचे बाहेर सरकणे आणि पायातील वेदना यांचा संबंध मिक्स्टर व बार या अमेरिकन शल्यविशारदांनी १९३४ मध्ये स्पष्ट केला.

चकतीवर नेमका किती भार येतो हे साध्या तरफेच्या गणिताने समजते. ५० किलोची गोणी वाकून, शरीरापासून ४० सेंटिमीटर अंतरावर धरली, तर तिला तोलणारे पाठीचे स्नायू कण्यापासून जेमतेम ५ सेंटिमीटरवर असल्याने त्यांना ४०० किलोइतका ताण द्यावा लागतो. चकतीवर हा ताण आणि गोणीचे वजन मिळून ४५० किलो येते, वरच्या धडाचे वजन वेगळेच. हीच गोणी पोटाशी घेऊन २० सेंटिमीटरवर आणली तर स्नायूंचा ताण निम्म्यावर, म्हणजे २०० किलोवर येतो. स्वीडनमधील आल्फ नाकेमसन यांनी प्रत्यक्ष चकतीत सुई घालून दाब मोजला होता. सरळ उभे असताना दाब १०० मानला तर २० किलो वजन घेऊन वाकल्यावर तो २२० च्या आसपास जातो, असे त्यांना आढळले. बसण्याच्या स्थितीविषयीचे त्यांचे आकडे जर्मनीतील विल्के यांच्या १९९९ मधील मोजणीत टिकले नाहीत. वाकून उचलण्याच्या धोक्याबाबत मात्र दोहोंत एकवाक्यता आहे.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ च्या १२८ क्रमांकाच्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या वजनाची कमाल मर्यादा ५५ किलो सुचविली. त्याच वर्षीच्या १२७ क्रमांकाच्या मूळ कराराला भारताने २०१० मध्ये मान्यता दिली, पण त्या करारात आकडा नाही. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेने १९९१ मध्ये केलेल्या सूत्रात तर सर्व परिस्थिती अनुकूल असतानाही २३ किलोच गृहीत धरले आहेत. टोमॅटोचे सुमारे २० किलोचे क्रेट या मर्यादेत बसते. कांद्याची गोणी तिच्या दुपटीहून अधिक आहे.

शस्त्रक्रिया कोणती व कोणासाठी :

येथे एक गल्लत वारंवार होते. सरकलेल्या चकतीचा मज्जातंतूवर दाबणारा तुकडा काढणे ही एक शस्त्रक्रिया, दोन मणके पट्ट्या-स्क्रूंनी एकमेकांना जोडून टाकणे ही दुसरी, आणि खराब चकती पूर्ण काढून तिच्या जागी हालचाल करू शकणारी धातू-प्लास्टिकची चकती बसवणे ही तिसरी. पायातील कळ हे मुख्य दुखणे असेल तर सामान्यतः पहिलीचा विचार होतो. चकतीबदल हा मुख्यतः चकतीतूनच उगम पावणाऱ्या, दीर्घकाळ टिकलेल्या कंबरदुखीसाठीचा पर्याय आहे. मानेच्या मणक्यांतही तो वापरला जातो व डोक्यावरून ओझे वाहणाऱ्यांच्या बाबतीत ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे.

कंबरेसाठीची पहिली व्यवहार्य कृत्रिम चकती पूर्व बर्लिनमधील शारिटे रुग्णालयात कारिन ब्युटनर-यान्झ व कुर्ट शेलनाक यांनी विकसित केली व १९८४ मध्ये ती प्रथम रुग्णाला बसविण्यात आली. ब्युटनर-यान्झ या १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्सची दोन सुवर्णपदके मिळविणाऱ्या खेळाडू होत्या. कण्याच्या लवचिकतेचे मोल जाणणाऱ्या व्यक्तीने हे संशोधन करावे यात एक औचित्य आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या चकतीला २००४ मध्ये परवानगी दिली.

या शस्त्रक्रियेचे फलित किती, हे रुग्णाला आधी समजणे हीच तयारीची पहिली पायरी म्हणावी लागेल. नॉर्वेतील १७३ रुग्णांवरील व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका गटाला कृत्रिम चकती बसविली, तर दुसऱ्याला व्यायाम व समुपदेशनाचा सखोल कार्यक्रम दिला. दोन वर्षांनंतर शस्त्रक्रियेचा गट पुढे होता. तथापि दोहोंतील अंतर संशोधकांनी आधी ठरविलेल्या 'अर्थपूर्ण' फरकापेक्षा कमी भरले. म्हणजे शस्त्रक्रिया निरुपयोगी नाही, पण शिस्तबद्ध व्यायामही दुय्यम नाही. सरकलेल्या चकतीमुळे पायात कळ येणाऱ्या बहुतेक रुग्णांना सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रक्रियेविना आराम पडतो. म्हणून किमान सहा महिने रीतसर उपचार झाल्याशिवाय चकतीबदलाचा विचार सहसा केला जात नाही. याला एक अपवाद आहे. जांघेत व गुदद्वाराभोवती बधिरता येणे, लघवी अडणे वा नकळत होणे, पाय झपाट्याने लुळे पडणे ही लक्षणे दिसल्यास कोणतीही तयारी न करता त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठले पाहिजे. त्या प्रसंगी दाब दूर करणारी तातडीची शस्त्रक्रिया लागते.

वैद्यकीय पूर्वतयारी :

चुंबकीय प्रतिमेत, म्हणजे एमआरआयमध्ये, चकती फुगलेली दिसली म्हणजे दुखण्याचे कारण सापडले असे नव्हे. १९९४ मध्ये अमेरिकेत पाठदुखी नसलेल्या ९८ व्यक्तींच्या तपासणीत ५२ टक्के लोकांत किमान एक चकती फुगलेली आढळली होती. त्यामुळे प्रतिमा, प्रत्यक्ष तपासणी व दुखण्याची हकीकत या तिन्हींचा मेळ बसावा लागतो. पुढे-मागे वाकवून काढलेली क्ष-किरण चित्रे मणका अस्थिर आहे का हे दाखवितात. हाडे ठिसूळ असतील तर कृत्रिम चकती मणक्यात रुतते, म्हणून अस्थिघनता मोजली जाते. मणक्याचे मागील सांधे झिजलेले असणे, मणका पुढे घसरलेला असणे, जुना जंतुसंसर्ग वा धातूची ॲलर्जी असणे, यांपैकी काही आढळल्यास ही शस्त्रक्रिया टाळली जाते.

कंबरेची चकती पोटाच्या बाजूने बसविली जाते, ही गोष्ट अनेक रुग्णांना शस्त्रक्रियेच्या दिवसापर्यंत ठाऊक नसते. वाटेत शरीरातील सर्वांत मोठ्या रक्तवाहिन्या येत असल्याने रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकाची सोय तेथे आहे का, हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे. पोटावरील आधीची प्रत्येक शस्त्रक्रिया सांगितली पाहिजे. तरुण पुरुषांच्या बाबतीत आणखी एक मुद्दा आहे. या मार्गाने जाताना सूक्ष्म मज्जातंतूंना इजा झाल्यास वीर्यस्खलन उलट दिशेने होऊन अपत्यप्राप्तीत अडचण येऊ शकते. प्रमाण अल्प आहे, पण संकोचापोटी हा विषय ना डॉक्टर काढतात ना रुग्ण, आणि तो काढला गेलाच पाहिजे.

रक्तातील साखर व हिमोग्लोबिन आधीच आटोक्यात आणणे, किडलेले दात व त्वचेवरील गळवे यांवर उपचार करून घेणे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांविषयी डॉक्टरांना सांगणे, हे सर्व शस्त्रक्रियांना समान आहे. ग्रामीण भागात तंबाखूचा प्रश्न मात्र वेगळ्याने मांडावा लागतो. 'धूम्रपान करता का?' या प्रश्नाला मिश्री लावणारी स्त्री वा तंबाखू-चुना मळणारा हमाल प्रामाणिकपणे 'नाही' असे उत्तर देतो. निकोटीन मात्र धुरातून आले काय किंवा हिरडीतून आले काय, रक्तवाहिन्या आकसवितेच. शस्त्रक्रियेच्या किमान चार ते सहा आठवडे आधी ही सवय थांबविणे अपेक्षित असते.

घराची तयारी :

शहरी रुग्णासाठी लिहिलेल्या सूचनापत्रकांत ज्या गोष्टी येत नाहीत, त्याच गावात अडचणीच्या ठरतात. जमिनीवरील अंथरूण, बैठे शौचालय, विहिरीवरून वा नळावरून आणावयाच्या हंडे-बादल्या आणि गोठ्यातील जनावरे या त्या गोष्टी होत. पहिले काही आठवडे खोल वाकणे, पीळ देणे व दोन-चार किलोंहून अधिक वजन उचलणे वर्ज्य असल्याने गुडघ्याच्या उंचीची खाट, शौचालयात ठेवावयाची खुर्ची व धार काढण्यासाठी दुसरा माणूस यांची व्यवस्था शस्त्रक्रियेपूर्वीच करावी लागते. कुशीवर वळून, पाय खाली सोडून, हाताच्या रेट्याने उठण्याचा सराव वेदनेत शिकण्याऐवजी आधी शिकणे सोपे जाते. तारीखही विचारपूर्वक ठरवावी. कांदाकाढणीच्या ऐन हंगामात घरी विश्रांती घेणारा रुग्ण फार काळ विश्रांती घेत नाही.

कागदपत्रे व नुकसानभरपाई :

दुखापत कामावर झाली हे सिद्ध करणारा पहिला पुरावा म्हणजे पहिल्या दिवशीचा केसपेपर. त्यावर नुसते 'पाठदुखी' असे लिहिलेले असेल आणि 'अमुक दिवशी गाडीत गोणी चढविताना' हे शब्द नसतील, तर पुढे विमा कंपनी ही वयपरत्वे झालेली झीज आहे असे म्हणण्यास मोकळी राहते. पायाळू शोधण्यात गेलेले आठ दिवस येथे महागात पडतात. मालकाला वा मुकादमाला लेखी कळविणे, सोबतच्या हमालांची नावे नोंदविणे व मजुरीचा पुरावा जपणे ही कामे शस्त्रक्रियेच्या कितीतरी आधीची आहेत.

कर्मचारी नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. जुन्या कायद्यातील सूत्र संहितेतही मूलतः कायम आहे. ३५ वर्षे वयाच्या कामगारासाठी गुणांक १९७.०६ आहे. मासिक वेतन २०२० मध्ये ठरलेल्या कमाल मर्यादेइतके, म्हणजे १५,००० रुपये धरल्यास त्याचे ६० टक्के ९,००० होतात व गुणाकार १७,७३,५४० रुपये येतो. कमाईच्या क्षमतेत ३० टक्के घट प्रमाणित झाली तर भरपाई ५,३२,०६२ रुपये होते. येथे कळीचा शब्द 'कमाईची क्षमता' हा आहे. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रताप नारायण सिंग देव प्रकरणात, डावा हात कोपराच्या वरून गमावलेला सुतार सुतारकाम करूच शकत नाही, म्हणून त्याचे अपंगत्व पूर्ण मानले. हमालाच्या पाठीलाही हाच न्याय लावता येईल, असे म्हणण्यास वाव आहे.

महाराष्ट्रातील १९६९ च्या माथाडी कायद्याने नोंदीत हमालांना भरपाईसह अनेक संरक्षणे दिली. अण्णासाहेब पाटील यांची माथाडी चळवळ व पुण्यात बाबा आढाव यांनी उभी केलेली हमाल पंचायत यांचे हे फलित होय. शेतातून थेट गाडी भरणारी टोळी मात्र बहुधा नोंदीबाहेरच राहते. स्वतःच्या शेतात गोणी उचलणाऱ्या शेतकऱ्याची स्थिती आणखी बिकट आहे, कारण त्याला मालकच नाही. राज्याच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत मृत्यू, डोळा किंवा हात-पाय गमावणे यांचा विचार आहे, सरकलेल्या चकतीचा नाही. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत अपेक्षित शस्त्रक्रिया नेमकी बसते का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून दाखल होण्यापूर्वीच विचारून घ्यावे लागते.

भरपाईचा दावा चालू असलेल्या रुग्णांत शस्त्रक्रियेचे फलित तुलनेने कमी दिसते, असे २००५ मधील एका व्यापक संशोधन-आढाव्यात नोंदविले आहे. यावरून कामगार सोंग करतो असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरेल. परत त्याच गोणीखाली जावयाचे आहे हे ठाऊक असलेल्या माणसाची पाठ बरी होण्यास वेळ लागणारच. म्हणून शस्त्रक्रियेनंतर कोणते काम करावयाचे, हा प्रश्न शस्त्रक्रियेपूर्वी सोडविणे आवश्यक आहे. बाजार समितीच्या आवारात मापाडी, तोलणार, आवक-जावक नोंदणारा अशी वजन न उचलण्याची कामे असतात. त्यांतील काहींना समितीचा परवाना लागतो व तो मिळण्यास वेळ जातो. शस्त्रक्रियेची तारीख ठरताच हा अर्ज दाखल झाला, तर तीन महिन्यांनंतर कामावर परतणाऱ्या हमालाला गोणीऐवजी काटा हाती घेता येतो.