‘इको लॉजमुळे गावाचा विकास झाला का?’ : एका प्रश्नाचे चार तुकडे

पीएचडीच्या प्रस्तावात एक प्रश्न हमखास दिसतो: ‘अमुक प्रकल्पामुळे गावाचा विकास झाला का?’ प्रश्न वाचायला बरा वाटतो, पण त्यावर काम सुरू केलं की महिन्याभरात लक्षात येतं की याला उत्तरच देता येत नाही. ‘विकास’ म्हणजे काय, ‘गाव’ म्हणजे नेमकं कोण, आणि ‘मुळे’ हे सिद्ध कसं करायचं, या तिन्ही गोष्टी अधांतरी राहतात. आज एक खरं उदाहरण घेऊन हा प्रश्न कसा फोडायचा ते बघू. उदाहरण आहे नामिबियातल्या तोरा कॉन्झर्व्हन्सीचं.

लॉज म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एसटी स्टँडसमोरची ‘राहण्याची उत्तम सोय’ अशी पाटी येते. इथला लॉज वेगळा. मोजकेच पाहुणे, तंबूवजा खोल्या, सौरऊर्जा, आणि येणारा माणूस मोकळ्यावर फिरणारे हत्ती आणि काळे गेंडे बघायला परदेशातून आलेला. असा लॉज गावाच्या जमिनीवर असतो, चालवते बहुतेक वेळा खासगी कंपनी, आणि करारानुसार उत्पन्नाचा काही भाग गावाच्या संस्थेला मिळतो.

आधी थोडी पार्श्वभूमी.

नामिबिया १९९० मध्ये स्वतंत्र झाला. त्याआधी दक्षिण आफ्रिकेच्या राजवटीत गोऱ्या शेतमालकांना आपापल्या जमिनीवरच्या वन्यप्राण्यांबाबत काही हक्क होते. सामूहिक जमिनीवर राहणाऱ्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना ते नव्हते. त्यांच्या दृष्टीने हत्ती म्हणजे सरकारचा प्राणी, जो येऊन पाण्याची टाकी फोडतो. १९८० च्या दशकात वायव्येकडच्या कुनेने भागात गार्थ ओवेन-स्मिथ आणि मार्गारेट जेकबसोन यांनी स्थानिक प्रमुखांच्या मदतीने गावातलेच वन्यजीवरक्षक नेमण्याची पद्धत रुजवली. १९९६ मध्ये कायदा बदलला आणि सामूहिक जमिनीवरच्या लोकांनाही हे हक्क मिळण्याचा मार्ग खुला झाला. अट अशी की त्यांनी ‘कॉन्झर्व्हन्सी’ स्थापन करायची: ठरलेली हद्द, सभासदांची यादी, प्रातिनिधिक समिती, घटना, आणि लाभाच्या न्याय्य वाटपाची योजना. पहिल्या चार कॉन्झर्व्हन्सी १९९८ मध्ये नोंदल्या गेल्या. आज त्या ८० च्या वर आहेत आणि देशाची जवळपास पाचवा हिस्सा जमीन त्यांच्याखाली येते.

तोरा ही त्या पहिल्या चारांपैकी एक. क्षेत्रफळ सुमारे ३,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे जवळपास गोव्याएवढं, पण पाऊस अत्यल्प आणि वस्ती अगदी विरळ. इथले बरेच लोक रिमव्हासमाकर. वर्णभेदी सरकारने १९७३-७४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या रिमव्हासमाकमधून हुसकावून इथे आणून सोडलेली ही माणसं. इथे १९९६ मध्ये, कॉन्झर्व्हन्सी नोंदली जाण्याच्याही आधी, रहिवाशांच्या संघटनेने एका सफारी कंपनीशी करार केला आणि दमारालँड कॅम्प उभा राहिला. राहण्याच्या निव्वळ उत्पन्नातले सुमारे १० टक्के संघटनेला, आणि नोकऱ्यांत स्थानिकांना प्राधान्य, असं त्याचं स्वरूप. पुढे तोरा स्वतःचा खर्च स्वतः भागवू लागली आणि २००४ मध्ये तिला ‘इक्वेटर पुरस्कार’ मिळाला. यशोगाथा म्हणतात ती हीच. आता संशोधक म्हणून हिच्याकडे कसं बघायचं?

पहिला तुकडा: पैसा कोणत्या वाटेने येतो?

गावात लॉजचा पैसा मुख्यतः दोन वाटांनी येतो. एक, नोकऱ्यांचा पगार. दोन, कॉन्झर्व्हन्सीला मिळणारी करारातली रक्कम. समजा पाहुण्याने १०० रुपये दिले, त्यातले १२ स्थानिक कामगारांच्या पगारात गेले आणि ८ कॉन्झर्व्हन्सीला (आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत). अहवालात लिहिलं जाईल, ‘समुदायाला २० रुपये मिळाले.’ पण ते १२ रुपये वीस-पंचवीस घरांत जातात, आणि उरलेले ८ सगळ्यांचे. दोन्हींची बेरीज करून ‘समुदायाचा लाभ’ म्हटलं की हा फरक दिसेनासा होतो.

रॉबिन नायडू आणि सहकाऱ्यांचा २०१६ चा अभ्यास इथे उपयोगी पडतो. त्यांनी १९९८ ते २०१३ या काळातली नामिबियातल्या कॉन्झर्व्हन्सींची आकडेवारी तपासली. पर्यटनाचा बहुतांश लाभ लॉजमधल्या पगारी नोकऱ्यांच्या रूपात येत होता. परवानाधारक शिकारीचा लाभ मात्र कॉन्झर्व्हन्सीच्या कारभाराला लागणारा पैसा आणि सगळ्यांना वाटलं जाणारं मांस या रूपात येत होता. शिवाय स्थापनेनंतर शिकारीचा लाभ साधारण तीन वर्षांत सुरू होई, पर्यटनाचा सहा वर्षांनी. म्हणजे ‘शिकार बंद करा, लॉज वाढवा’ हे दुरून म्हणायला सोपं आहे. गावाच्या वहीत या दोन रकमा एकमेकींची जागा घेत नाहीत.

दुसरा तुकडा: वाटप कोण ठरवतं?

२००३ मध्ये तोराने आपल्या सभासदांना प्रत्येकी ६३० नामिबियन डॉलर रोख वाटले. शाळेची खोली बांधली की गावात सगळ्यांना दिसते. रोख रक्कम मात्र प्रत्येकाच्या हातात पडते, आणि त्या दिवशी कळतं की सभासदांच्या यादीत नाव असणं किती महत्त्वाचं आहे. लग्न होऊन आलेली सून, शहरात कामाला गेलेला मुलगा, दुष्काळात बाहेरून गुरं घेऊन आलेलं कुटुंब, हे सभासद की नाहीत?

एलिनॉर ओस्ट्रॉम यांनी १९९० च्या पुस्तकात सामूहिक संसाधनं टिकवणाऱ्या संस्थांची आठ तत्त्वं मांडली. त्यातलं पहिलंच आहे हद्द आणि सभासदत्व स्पष्ट असणं. आणखी एक तत्त्व म्हणजे लोकांना स्वतःचे नियम बनवण्याचा हक्क. इथे झिम्बाब्वेशी तुलना करता येते. तिथल्या ‘कॅम्पफायर’ कार्यक्रमात १९८९ पासून वन्यप्राण्यांवरचे अधिकार जिल्हा परिषदांना मिळाले, आणि गावापर्यंत पोचण्याआधी पैसा परिषदेत अडकतो अशी तक्रार वारंवार झाली. नामिबियात करार थेट कॉन्झर्व्हन्सीशी होतो. मेंढा (लेखा) आणि सामूहिक वनहक्कांबद्दल वाचलेल्यांना यातला मुद्दा लगेच कळेल: हक्क कुठल्या पातळीवरच्या संस्थेच्या नावावर आहे, यावर पुढचं बरंच ठरतं. मात्र नामिबियातही कॉन्झर्व्हन्सीला हक्क मिळतात ते वन्यप्राणी आणि पर्यटनाचे, जमिनीची मालकी राज्याकडेच राहते. बाहेरचे गुराखी आत आले तर त्यांना अडवणं म्हणूनच अवघड जातं.

तिसरा तुकडा: नुकसान कोणाचं?

हा भाग प्रबंधांत सर्वात पातळ असतो. प्राणी वाढले म्हणून पाहुणे आले, आणि प्राणी वाढले म्हणूनच शेळ्याही गेल्या. पण लाभ आणि नुकसान एकाच दारात येत नाही. लॉजमध्ये नोकरी असलेल्याच्या घरी महिन्याला पगार येतो. लांबच्या वस्तीवरच्या म्हातारीच्या शेळ्या चित्ता किंवा तरस नेतं. हत्ती पाइप उखडून जातात आणि पंपाच्या डिझेलचा खर्च वाढतो. नुकसानीपोटी कॉन्झर्व्हन्सीमार्फत ठरलेली रक्कम मिळू शकते, पण ती सहसा जनावराच्या बाजारभावापेक्षा कमी असते. एकूण हिशोबात गाव फायद्यात आणि ती म्हातारी तोट्यात, हे एकाच वेळी खरं असू शकतं. म्हणून मोजणीचं एकक गाव न घेता घर घ्या, आणि प्रत्येक घराच्या जमा-खर्चाच्या दोन्ही बाजू लिहा.

चौथा तुकडा: लॉज नसता तर?

‘आधी आणि नंतर’ अशी तुलना सगळ्यांना सुचते. पण कुनेनेत गेल्या दशकात अनेक वर्षं कडक दुष्काळ होता, जनावरं आणि वन्यप्राणी दोन्ही घटले. दुष्काळाचा परिणाम आणि लॉजचा परिणाम वेगळा कसा काढणार? मग वाटतं, लॉज असलेल्या आणि नसलेल्या गावांची तुलना करू. त्यातही अडचण आहे, कारण कंपनी लॉज बांधते तेच मुळी निसर्ग सुंदर, प्राणी भरपूर, रस्ता बरा अशा जागी. म्हणजे ती गावं आधीपासूनच वेगळी होती. यालाच निवडीचा पूर्वग्रह म्हणतात. निदान पाऊस, अंतर आणि प्राण्यांची संख्या सारखी असलेली गावं शोधून जोड्या लावाव्या लागतात.

२०२० ने एक क्रूर चाचणी आपोआप घेतली. सीमा बंद झाल्या, पाहुणे थांबले, लॉजचं उत्पन्न कोसळलं. वन्यजीवरक्षकांचे पगार चालू ठेवायला सरकार, संस्था आणि देणगीदारांना मदतनिधी उभारावा लागला. शेळ्यांवर आणि पेन्शनवर चालणारी घरं आणि फक्त पगारावर चालणारी घरं, यांनी तो काळ कसा काढला, हा आजही चांगला संशोधनविषय आहे.

क्षेत्रकार्याबद्दल एकच सांगतो. लॉजच्या गाडीतून वस्तीवर उतरलात आणि समितीच्या अध्यक्षांचा नातेवाईक दुभाषी म्हणून घेतलात, तर मुलाखतीत काय ऐकू येईल ते आधीच ठरलेलं असतं. समितीची परवानगी घ्यायलाच हवी, पण घरांची निवड त्यांच्या हाती देऊ नका. यादीतून चिठ्ठ्या टाकून निवडा, आणि यादीत नसलेल्यांकडेही जा.

आता मूळ प्रश्न पुन्हा लिहू: ‘तोरा कॉन्झर्व्हन्सीत पगार, रोख वाटप आणि वन्यप्राण्यांमुळे होणारं नुकसान यांचा घराघरांतला वाटा कसा आहे, आणि लॉजमधली नोकरी व लॉजपासूनचं अंतर यांनुसार तो कसा बदलतो?’ लांबलचक आहे, मान्य. पण यात काय मोजायचं, कुणाला विचारायचं आणि कशाशी तुलना करायची हे तिन्ही आलं. तुमच्या प्रस्तावातला प्रश्न याच पद्धतीने फोडून बघा. एखाद्या तुकड्यापुढे ‘माहिती कुठून आणणार?’ हे लिहिता आलं नाही, तर मार्गदर्शकांकडे जाण्याआधी त्यावरच बसा.