अडॅप्टर नवा, तरी व्हिडिओ अडकतो? आधी मोजा, मग विका



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण ‘पहिलं गिऱ्हाईक टिकवायचं कसं’ यावर बोललो. त्यात मीडिया प्लेअरचा एक किस्सा मी दोन मिनिटांत उरकला होता. टीव्ही, सीसीटीव्ही, वायफाय जोडून देण्याचा धंदा करणाऱ्या किंवा करू पाहणाऱ्या बऱ्याच जणांना त्यातला तांत्रिक भाग नीट हवा असेल, म्हणून तो इथे सविस्तर लिहितोय. ज्यांचा धंदा वेगळा आहे त्यांनी मधला भाग भरभर वाचला तरी चालेल, पण शेवटचा भाग सोडू नका.

झालं काय होतं?

माझ्या बॅचमधला एक मुलगा, सातारा जिल्ह्यातला. नोकरी सोडून टीव्ही आणि होम थिएटर जोडून द्यायचं काम नुकतंच सुरू केलेलं. पहिलं मोठं गिऱ्हाईक म्हणजे गावातला लग्नाचा फोटो स्टुडिओ. पुढच्या खोलीत मोठा फोर-के टीव्ही, त्याला जोडलेला छोटा लिनक्सवर चालणारा प्लेअर, आणि लग्नाच्या फिल्म आतल्या खोलीतल्या एडिटिंगच्या कॉम्प्युटरवर. नवरा-नवरीकडची मंडळी आली की सोफ्यावर बसवायचं, चहा द्यायचा आणि फिल्म दाखवायची. ऑर्डर तिथेच पक्की होते.

पण फिल्म अडकायची. वरातीचा शॉट आला, फटाके उडाले, की चित्र थांबलंच. पाच सेकंद गोल चक्र. मंडळी एकमेकांकडे बघतात आणि स्टुडिओवाल्या काकांचा चेहरा पडतो.

आपल्या मुलाने सांगितलं, “काका, नेटवर्कचा वेग कमी पडतोय. फास्ट अडॅप्टर लावू.” निदान बरोबर होतं बरं का! मग त्याने दुकानातला सगळ्यात वेगवान, अडीच गिगाबिटचा यूएसबी अडॅप्टर आणला. दोन हजार आठशे रुपये. लावला, तर प्लेअरने तो ओळखलाच नाही. काका म्हणाले, “राहू दे रे बाळा, मी दुसऱ्या कोणाला तरी बघायला सांगतो.”

त्या रात्री त्याचा मला फोन आला. “सर, लग्नाचा सीझन आठ दिवसांवर आलाय. हे काम गेलं तर गावात नाव खराब होईल.”

मी एकच प्रश्न विचारला. “तू मोजलंस काय?”

उत्तर आलं नाही.

आधी साधं गणित

कुठलीही वस्तू घेण्याआधी फाइलला किती वेग लागतो ते काढा. कागद-पेन पुरे.

फाइल किती जीबीची आहे, त्याला ८,००० ने गुणा. फिल्म किती सेकंदांची आहे, त्याने भागा. उत्तर येईल मेगाबिट प्रति सेकंद, म्हणजे आपल्या भाषेत एमबीपीएस.

काकांची फिल्म पाच मिनिटांची, म्हणजे ३०० सेकंद. फाइल साडेचार जीबीची. ३६,००० भागिले ३००, म्हणजे १२० एमबीपीएस. आणि ही सरासरी झाली. फटाक्यांच्या, गर्दीच्या दृश्यात याहून जास्त लागतं.

आता प्लेअर बघा. त्याच्यात अॅमलॉजिकची एस९०५एक्स ही चिप होती. कोडी चालवणाऱ्या बऱ्याच छोट्या बॉक्समध्ये ही चिप सापडते. हिच्यातलं नेटवर्क पोर्ट १०० एमबीपीएसचं. प्रत्यक्षात हातात पडतात साधारण ९४. लागतात १२०, मिळतात ९४. अडकणारच की!

म्हणून यूएसबी अडॅप्टर हा मार्ग बरोबर. पण याच चिपमध्ये यूएसबी फक्त २.० आहे. त्याची कागदावरची मर्यादा ४८० एमबीपीएस, आणि गिगाबिट अडॅप्टर लावल्यावर प्रत्यक्षात ३०० च्या आसपास मिळतात. १२० साठी ३०० भरपूर झाले. पण मग अडीच गिगाबिटचा अडॅप्टर लावून उपयोग काय? बोळ अरुंद असेल तर ट्रक मोठा आणून माल जास्त येत नाही.

रास्पबेरी पाय वापरणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवा. पाय ३बी प्लसवर गिगाबिट लिहिलंय, पण ते आतून यूएसबी २.० वरूनच जातं, म्हणून जास्तीत जास्त ३०० च्या आसपास. २०१९ मध्ये आलेल्या पाय ४ ला खरं गिगाबिट आहे, तिथे अडॅप्टरची गरजच नाही.

अडॅप्टर घेताना खोकं नको, चिप बघा

खोक्यावर ‘लिनक्स सपोर्ट’ लिहिलेलं असतं. त्यावर जाऊ नका. आतली चिप कोणती, ते विचारा.

दोन नावं पाठ करा. रिअलटेकची आरटीएल८१५३ आणि एसिक्सची एएक्स८८१७९. दोन्ही गिगाबिटच्या आहेत आणि दोघींचे ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये कित्येक वर्षांपासून आहेत. बहुतेक वेळा लावलं की चालू.

अडीच गिगाबिटच्या अडॅप्टरमध्ये बऱ्याचदा आरटीएल८१५६ असते. तिचा व्यवस्थित ड्रायव्हर कर्नल ५.१३ पासून आला, म्हणजे २०२१ मध्ये. टीव्ही बॉक्सवरचं कर्नल यापेक्षा कितीतरी जुनं असू शकतं. आणि अशा प्लेअरची सिस्टीम बहुतेक वेळा बंद डब्यासारखी असते. लॅपटॉपवर टाकतो तसा वेगळा ड्रायव्हर तिथे सहज टाकता येत नाही. आपल्या मुलाचं इथेच चुकलं.

दुकानदाराला चिप माहीत नसेल तर अडॅप्टर तिथेच लॅपटॉपला लावून बघा. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये चिपच्या कंपनीचं नाव दिसतं. आणि बिल घ्या, परत घेणार का ते आधीच विचारा. एकाच मॉडेलच्या खोक्यात कंपनी मधूनच चिप बदलते, असंही होतं.

मुलाने दुसऱ्या दिवशी महागडा अडॅप्टर परत दिला आणि ८१५३ चिपचा घेतला. निम्म्याहून कमी किमतीत.

लावल्यावर काय तपासायचं?

प्लेअरच्या सेटिंगमध्ये ‘एसएसएच’ चालू करा आणि लॅपटॉपवरून आत शिरा. कमांडची नावं खाली उच्चाराप्रमाणे देतोय. टाइप करताना छोट्या लिपीतली इंग्रजी अक्षरं, मध्ये जागा न सोडता.

१) अडॅप्टर ओळखला का? ‘एल-एस-यू-एस-बी’ कमांड द्या, पुढे जागा सोडून उणे चिन्ह आणि ‘टी’. यूएसबीचं झाड दिसेल. अडॅप्टरच्या ओळीत ड्रायव्हरचं नाव हवं. ८१५३ चिपला ‘आर८१५२’ असं दिसतं. आकडा वेगळा आहे म्हणून घाबरू नका, ड्रायव्हरचं नावच तसं आहे. ड्रायव्हरची जागा रिकामी असेल तर कर्नलकडे ड्रायव्हर नाही. काही अडॅप्टर आधी सीडी ड्राइव्ह असल्याची बतावणी करतात, कारण विंडोजचा ड्रायव्हर त्यांच्या पोटातच ठेवलेला असतो. असा असेल तर सरळ बदलून घ्या.

२) जुनी वायर काढली का? दोन्ही पोर्टला वायर असेल तर प्लेअर जुन्याच रस्त्याने जाऊ शकतो. मग तुम्ही म्हणणार, अडॅप्टर लावूनही फरक नाही!

३) वायरवर किती वेग ठरला? ‘ई-टी-एच-टूल’ कमांड आणि पुढे नव्या पोर्टचं नाव, बहुधा ‘ईटीएच१’. ‘स्पीड’समोर १००० दिसलं पाहिजे.

४) प्रत्यक्षात किती मिळतंय? ‘आयपर्फ’ नावाचं मोफत साधन आहे. ज्या कॉम्प्युटरवर फिल्म आहेत तिथे एक चालवायचं, प्लेअरवर दुसरं. प्लेअरवरून तपासताना उणे चिन्ह आणि मोठं ‘आर’ जोडा, म्हणजे डेटा कॉम्प्युटरकडून प्लेअरकडे येतानाचा वेग मोजला जातो. आपल्याला तोच हवा.

आणखी एक. नव्या अडॅप्टरचा मॅक पत्ता वेगळा असतो, त्यामुळे प्लेअरचा आयपी पत्ता बदलतो. गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरचं रिमोट अॅप बंद पडतं आणि संध्याकाळी तुम्हाला फोन येतो. निघण्याआधी राउटरमध्ये नवा पत्ता पक्का करा आणि अॅप चालवून दाखवा.

आणि खरा चोर सापडला

मुलाने सगळं केलं. ड्रायव्हर आला, जुनी वायर काढली. तिसऱ्या पायरीवर आकडा आला १०००? छे! १००.

इथे तो पुन्हा अडॅप्टर बदलायला निघाला होता. मी म्हटलं, थांब, वायरची टोकं बघ.

नेटवर्कच्या वायरमध्ये आठ तारा असतात. १०० एमबीपीएसला त्यातल्या चारच लागतात, गिगाबिटला आठही लागतात. आधीच्या माणसाने चारच तारा बसवल्या होत्या आणि उरलेल्या चार कापून टाकल्या होत्या. जुन्या पोर्टला तेवढ्यावर भागत होतं, त्यामुळे इतके दिवस कोणाच्या लक्षात आलं नाही. वायर चांगली, कॅट ५ई होती. दोन्ही टोकं नव्याने आठ तारांची बसवली. खर्च फक्त दोन कनेक्टरचा.

पुन्हा तपासलं. स्पीड १०००. आयपर्फवर २८० च्या वर. मग काकांना बोलावून वरातीचा तोच शॉट लावला. फटाके सुरू झाले, संपले. चित्र कुठेही थांबलं नाही.

समजा वायरही ठीक असती, तर पुढे मधला स्विच किंवा राउटर बघायचा. स्वस्त राउटरची पोर्टं बऱ्याचदा १०० चीच असतात. रस्त्यात एक जरी अरुंद जागा असली, तरी सगळ्यांचा वेग तेवढाच.

आता धंद्याचं बोलू

मी त्याला काकांपुढे तीन पर्याय मांडायला लावले होते, आणि तेही अडॅप्टर लावायच्या आधी. हा भाग त्याला जड गेला.

पहिला, फुकटचा: फिल्म पेन ड्राइव्हवर टाकून थेट प्लेअरला लावा. दुसरा, तोही फुकटचा: गिऱ्हाइकाला दाखवायची प्रत कमी बिटरेटने, ४०-५० एमबीपीएसला काढा, जुन्या पोर्टवरही चालेल. तिसरा: अडॅप्टर आणि वायरची दुरुस्ती.

“सर, फुकटचं सांगितलं तर माझं काम काय राहिलं?” असं त्याने विचारलं. तुमच्याही मनात हेच आलं असेल.

काकांनी तिसरा पर्याय घेतला. सीझनमध्ये त्यांच्याकडे दिवसाला चार-पाच कुटुंबं येतात, शेवटच्या क्षणापर्यंत फिल्ममध्ये बदल चालू असतात, प्रत्येक वेळी वेगळी प्रत काढत बसायला माणूस नाही. पण निर्णय त्यांचा होता. आणि महिन्याला एकच फिल्म दाखवणाऱ्या माणसाला पेन ड्राइव्हच योग्य. त्याला अडॅप्टर विकलात तर एकदाच विकाल.

अडॅप्टरवर शे-दोनशे रुपये सुटतात, आणि तोच अडॅप्टर गिऱ्हाईक मोबाइलवरून स्वतः मागवू शकतं. तुम्ही विकताय तुमचं निदान. म्हणून तीन सवयी आजपासून लावा:

- तपासणीचे पैसे वेगळे सांगा, फोनवरच सांगा. वस्तू घेतली नाही तरी ते लागतील.
- कामाआधीचा आकडा आणि नंतरचा आकडा बिलावर लिहा. ‘आधी ९४, आता २८०’ हे गिऱ्हाइकाला कळतं.
- स्वतःची तपासणीची पिशवी ठेवा: खात्रीची आठ तारांची वायर, चालून बघितलेला एक अडॅप्टर, क्रिंपिंगचं पक्कड, केबल टेस्टर. गिऱ्हाइकाच्या पैशाने प्रयोग करायचे नाहीत.

काकांनी त्याला पुढे आपल्या मेव्हण्याच्या मंगल कार्यालयातल्या स्क्रीनचं काम दिलं. “हा पोरगा आधी मोजतो,” एवढीच शिफारस केली म्हणे.

तुमचा गृहपाठ

तुमच्या घरातली कुठलीही एक फोर-के फाइल घ्या. वरचं गणित करा. मग प्लेअरचं, वायरचं आणि राउटरचं पोर्ट किती वेगाचं आहे ते बघा. चार आकडे एका कागदावर लिहा आणि कुठे अडतंय ते शोधा. हे स्वतःच्या घरी जमलं, की दुसऱ्याच्या घरी जाऊन त्याचे पैसे मागायला तुमची जीभ अडखळणार नाही.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत मोजत राहा!