लांब पल्ल्याच्या धावपटूचे हृदय आणि रक्तदाब

मुंबईत १९ जानेवारी २०२० रोजी झालेल्या मॅरेथॉनमध्ये एका ज्येष्ठ स्पर्धकाचा हृदयविकाराच्या झटक्याने मृत्यू झाला. लांब पल्ल्याची धाव हृदयाला घातक ठरते काय, हा प्रश्न अशा प्रत्येक घटनेनंतर उपस्थित होतो.

विश्रांतीच्या अवस्थेत प्रौढ व्यक्तीचे हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त शरीरात पाठवते. कठोर व्यायामात सराव नसलेल्या निरोगी तरुणाचे हृदय २० लिटरच्या आसपास मजल मारते; जागतिक दर्जाच्या धावपटूंमध्ये हे प्रमाण ३५ ते ४० लिटरपर्यंत जाते. ठोके अधिक जलद पडल्यामुळे हे घडते, असा समज आहे. तो बरोबर नाही. ठोक्यांची कमाल मर्यादा मुख्यतः वयानुसार ठरते आणि सरावाने ती वाढत नाही. वाढते ते एका ठोक्यात बाहेर पडणारे रक्त. वर्षानुवर्षांच्या सरावाने हृदयाचा डावीकडील खालचा कप्पा प्रशस्त होतो. त्यामुळेच अशा खेळाडूंची विश्रांतीतील नाडी मिनिटाला ४० पर्यंतही उतरलेली आढळते. स्वीडनचे वैद्य हेन्शेन यांनी १८९९ मध्ये बर्फावरून घसरत लांब अंतर कापणाऱ्या स्कीपटूंच्या छातीवर केवळ बोटांनी ठोकून त्यांचे हृदय मोठे असल्याचे नोंदवले होते.

बीड जिल्ह्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे यांनी २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३,००० मीटर स्टीपलचेस शर्यत ८ मिनिटे ११.२० सेकंदांत पूर्ण करून रौप्यपदक मिळवले. सुवर्णपदक अवघ्या ०.०५ सेकंदाने हुकले. एवढा वेळ हा वेग टिकवायचा तर स्नायूंना प्राणवायूचा अखंड पुरवठा हवा, आणि त्याची मोठी भिस्त हृदयाच्या या क्षमतेवर असते.

रक्तदाबाचे गणित वेगळे आहे. धावताना वरचा दाब १२० वरून २०० च्या घरात जाऊ शकतो, खालचा मात्र जवळपास तेवढाच राहतो किंवा किंचित उतरतो. पायांच्या स्नायूंतील रक्तवाहिन्या रुंदावून प्रवाहाला वाट करून देतात, हे त्याचे कारण. श्वास रोखून जड वजन उचलताना आखडलेले स्नायू या वाहिन्या दाबून धरतात आणि दोन्ही दाब एकदम चढतात.

शर्यत संपताच जागीच थांबणाऱ्यास भोवळ येते, तीही याच कारणाने. वाहिन्या रुंदावलेल्याच असतात, पोटऱ्यांचे आकुंचन थांबते, रक्त पायांत साचते आणि दाब घसरतो. म्हणून अंतिम रेषेनंतर काही मिनिटे चालत राहण्यास सांगितले जाते.

अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन व अर्धमॅरेथॉनमधील सुमारे १ कोटी ९ लाख सहभागांचा अभ्यास झाला. त्यात ५९ जणांचे हृदय बंद पडले व ४२ जण दगावले. ज्यांची कारणे तपासता आली, त्यांत हृदयाच्या स्नायूची जन्मजात जाडी आणि हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांतील अडथळे हे आजार प्रामुख्याने आढळले. धाव सुरू होण्यापूर्वीच ते हृदयात होते.